राहायला आलीय

४, मंगळवार

बाबांच्या हातातून काच सुटली आणि माझं सगळं बदललं. क्षण सांगायचाच तर हा. कॉलेज अर्ध्यावर सोडलं तेव्हा काही बदललं नव्हतं, नुसतं सकाळी उठायचं कारण गेलं होतं. मेडिकलच्या काउंटरवर 'ती' पहिल्यांदा दिसली तेव्हा बदललं होतं, पण ते आतल्या आत. आजचं मात्र सगळ्यांदेखत, भर दुकानात.

सकाळी बाबा दुकानाच्या मागच्या बाजूला फोनवर बोलत होते. बोलत कसले, नुसते ऐकत होते. बाहेर आले तेव्हा चेहरा फ्रेमच्या पाठीला लावायच्या पुठ्ठ्यासारखा. समोर एक बाई लग्नाचा फोटो घेऊन उभ्या. आमच्या शोकेसमध्ये नमुना म्हणून ताईच्या लग्नाचा फोटो आहे, त्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, "अश्शीच फ्रेम हवी. तुमची कन्या ना ही? सासरी मजेत?"

बाबांनी काच कापायची हिरकणी टेकवली, कर्रकन रेघ ओढली आणि अर्ध्यावर हात थांबला. काच घसरली, फुटली. बाबा तुकड्यांकडे बघत राहिले आणि मग खाली बसले. बसले म्हणजे गुडघेच गेले.

डॉक्टर म्हणाले, झटका येता येता राहिला. मनावर ताण नको.

ताण! त्या बाईला नसत्या चौकशा कुणी सांगितल्या होत्या? आणि ताईला तरी सहा महिने इथे मुक्काम ठोकायला कुणी सांगितलंय? साधं गणित आहे. ताई आली, बाबा खचले.

५, बुधवार

बाबांच्या गोळ्या आणायला मेडिकलमध्ये गेलो. एरवी मी तिथे खोकल्याच्या गोळ्या घेतो. मला खोकला नाही. तिलाही ते ठाऊक आहे, म्हणून तिने माझं नावच पाडलंय.

"आलास खोकला? आज कोरडा की ओला?"

"आज खरंच औषध हवंय. बाबांना."

चिठ्ठी वाचल्यावर तिची थट्टा थांबली. कोणती गोळी जेवणाआधी, कोणती नंतर, पाकिटांवर मोठ्या अक्षरांत लिहून दिलं. म्हणाली, "घरात जरा शांतता ठेव. तू इथलं दार लावतोस ना, तेव्हा माझ्या बाटल्या हलतात."

एवढं बोलली माझ्याशी! घरापर्यंत तरंगत आलो.

आत शिरून दार लावलं, नेहमीसारखं. (बाबांचं त्यावर ठरलेलं, "आला तोफखाना.") स्वयंपाकघरात ताईच्या हातातलं पातेलं पडलं. इतकी काय दचकते? लहानपणी हीच दारामागे लपून मला भॉक करायची.

आई म्हणाली, "हळू रे."

"मीच का हळू? घर माझं नाही का?"

ताई फरशी पुसत बसली. तिचं हे गप्प बसणंच माझ्या डोक्यात जातं.

८, शनिवार

ताई दुकानात बसायला लागलीय. बाबांना आराम सांगितलाय, तर ते मध्येच येतात आणि तिच्याशेजारी स्टुलावर बसतात. आज आल्या आल्या मला म्हणाले, "धर तिकडून," आणि कामाचं टेबल अख्खं फिरवून घेतलं. फ्रेमची पट्टी आवळायचा शिकंजा इतकी वर्षं डावीकडे होता, तो काढून उजवीकडे ठोकायला लावला. ताईचं डावं मनगट पूर्ण वळत नाही. सासरी असताना बाथरूममध्ये पडली होती म्हणे.

मी विचारलं, "कशाला हा उद्योग?"

"मला असंच बरं पडतं," बाबा म्हणाले.

टेबलाशी ते बसतही नाहीत! म्हातारपणाच्या लहरी, दुसरं काय.

घरातली व्यवस्था लिहून ठेवतो, म्हणजे मी का वैतागलोय ते कळेल. आतली खोली माझी. आईने तिला मागच्या वर्षी रंग दिला, मोठा पलंग आणला, सून यायची म्हणून. सध्या त्यावर मी एकटा लोळतो. ताई बाहेरच्या खोलीत, दाराजवळच्या सोफ्यावर झोपते. सकाळी दुधाला निघालो की कडीखाली जेवणाच्या टेबलाची खुर्ची तिरकी अडकवलेली. रोज! ओढली की फरशीवर खर्र.

आज म्हटलं, "अगं, चोर येणार आहेत का? नेणार काय आपल्याकडून, रिकाम्या फ्रेमा?"

ती हसली. खुर्ची उचलून जागेवर ठेवली. उद्या पुन्हा तिथेच असेल.

१२, बुधवार

मेडिकलमधल्या तिची आई आमच्याकडे येऊन गेली. 'सहज' म्हणून. सहज कोणी भिंतींचे कोपरे बघत नाही.

मी नवा शर्ट घातला होता. बाबांनी मला खालून वर न्याहाळलं. "औषधवालीची आई आहे, औषधवाली नव्हे. इतका सेंट कशाला?" आजारी माणसाला उलट बोलता येत नाही म्हणून ऐकून घेतलं.

सगळं छान चाललं होतं. मग ताई चहा घेऊन आली आणि आईने आपलं ठेवणीतलं वाक्य काढलं. "ही मोठी. राहायला आलीय."

शेजारी, नातेवाईक, इस्त्रीवाला, सगळ्यांना आई हेच सांगते. 'राहायला आलीय' म्हटलं की ऐकणारा समजतो, चार दिवस. आई त्याला तसंच समजू देते. या चार दिवसांना आता सहा महिने झाले.

"अरे वा! किती दिवस मुक्काम?" तिच्या आईने विचारलं.

"आहे... थोडे दिवस."

"आणि जावईबापू?"

"त्यांना रजाच मिळत नाही हो."

बाबांनी पेपरचं पान उलटलं. वाचून झालेलं पान पुन्हा वाचायला लागले. ताई कप गोळा करून आत गेली.

पाहुणी गेल्यावर आई डोक्याला पट्टी बांधून आडवी झाली. म्हणाली, "तुमचं दोघांचं मार्गी लागलं असतं तर मी सुखाने जेवले असते. घास उतरत नाही रे. चारचौघांत गेलं की पहिला प्रश्न हाच. म्हणून मी जातच नाही आता कुठे."

आत नळ चालू होता. बराच वेळ चालू होता. मी जाऊन बंद केला. ताई भांड्यांसमोर नुसती उभी होती.

१५, शनिवार

आज मशीनवर बाबांचा रक्तदाब बराच उतरलेला निघाला. नव्या गोळीचा गुण. तिला जाऊन सांगायला हवं, तिनेच दिली आहे.

दुकानात गंमत झाली. एक गृहस्थ मांजरीचा फोटो घेऊन आले. "जाड सोनेरी पट्टी लावा. थाटात दिसली पाहिजे."

ताईने गंभीरपणे विचारलं, "जोडीचा आहे का? की एकटीचाच?"

"एकटीच आहे. सुखात आहे," गृहस्थही तितकेच गंभीर.

ते जाईपर्यंत बाबांनी ओठ दाबून धरले आणि मग इतके हसले की डोळे पुसायला लागले. ताईही. बाबांनी हिरकणी घेतली आणि मांजरीची काच स्वतः कापली. एका रेघेत, सरळ. मी म्हटलं ना, गोळी चांगली आहे.

संध्याकाळी मेडिकलमध्ये गेलो आणि सगळा मूड गेला. ती रॅककडे तोंड करून म्हणाली, "आई म्हणते, त्यांच्याकडचं आधी काय ते मार्गी लागू दे."

"आणि तू काय म्हणतेस?"

"तुझ्यामागे गिऱ्हाईक उभं आहे."

म्हणजे ठरलं. गाठ कुठे आहे ते आता स्पष्ट झालं. ताई तिच्या घरी गेली की बाबांचा ताण जाईल, आईचा घास उतरेल आणि माझंही मार्गी लागेल. एका माणसाच्या हट्टापायी चार माणसं अडकून पडलीत. कुणीतरी काहीतरी करायला हवं ना? घरात सगळे नुसते उसासे टाकतात. मी उसासे टाकणाऱ्यांतला नाही.

१७, सोमवार

भाऊजींना भेटून आलो. घरी कुणाला सांगितलं नाही.

गाड्यांच्या शोरूममध्ये ते आता मुख्य विक्रेते आहेत. आरशासारखी फरशी, आरशासारखे बूट. मला बघताच हात पसरून आले. "काय मेहुणे! वाट चुकलात?" हात असा दाबला की बोटं दुखली. कॉफी मागवली. आणणाऱ्या माणसाकडून बशीत थोडी सांडली, तर त्याच्याकडे नुसतं बघितलं. बिचारा पळत जाऊन दुसरी घेऊन आला. वचक असावा तर असा.

मी सगळं सांगितलं. बाबांचं आजारपण, आईचं, माझं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. आमच्या घरात मला इतकं शांतपणे कुणी ऐकत नाही.

"मी तर फोनवर सासऱ्यांना सांगून सांगून थकलो," ते म्हणाले. "त्या मंगळवारी सकाळीसुद्धा केला होता. म्हटलं, तुम्ही पाठवताय की मी येऊ? तर फोन ठेवून दिला त्यांनी. माझं काही म्हणणं नाही हो. तुमची ताई जरा वेंधळी आहे. सारखी कशावर तरी आपटते, आणि मग रुसते."

मी हसलो. आमच्याकडे ती कशावर आपटलेली मला आठवत नाही, पण तिकडचं घर मोठं आहे, सामान जास्त असेल.

"शुक्रवारी या," मी म्हटलं. "ताईला मी तयार करतो."

त्यांनी पाठीवर थाप मारली. अजून चुरचुरतेय.

१९, बुधवार

ताईला दुकानात गाठलं. बाबा घरी होते. ती पट्टीचे कोपरे जुळवत होती.

मी आडपडदा ठेवला नाही. "बाबांना हे तुझ्यामुळे झालं. डॉक्टर म्हणाले ताण नको. ताण म्हणजे कोण, हे काय चिठ्ठीवर लिहून हवं?"

"बाबा म्हणाले असं?"

"म्हणायला कशाला हवं? आई जेवत नाही, ते दिसतंय ना तुला? भाऊजी शुक्रवारी येतायत. मी बोलून आलोय."

मला वाटलं होतं रडेल, भांडेल. मी उत्तरं तयार ठेवली होती. तिने शिकंजा सोडवला, पट्टी बाजूला ठेवली, हात पुसले. मग पुन्हा पुसले.

"किती वाजता?"

"सहाच्या सुमाराला."

"बरं," म्हणाली.

बरं! इतकं सोपं होतं. सहा महिने उगाच घालवले सगळ्यांनी.

थेट मेडिकलमध्ये गेलो आणि सांगून टाकलं की आमच्याकडचं लागतंय मार्गी. वाटलं होतं, ती हसेल. तिने हातातलं खोकं खाली ठेवलं.

"ताईंना विचारलंस? जायचंय का म्हणून?"

"बरं म्हणाली ती."

"मी काय विचारलं, खोकला?"

तिथून निघालो. दार लावलं. बाटल्या हलल्या असतील तर हलू देत.

२०, गुरुवार

ताईने माळ्यावरून बॅग काढली. बाबांनी विचारलं, "ही कशाला?" आई म्हणाली, "जावई येतायत उद्या. आपणहून येतायत, बरंच झालं म्हणायचं." बाबांचा रक्तदाब पुन्हा चढला. जेवताना चमचा वाटीवर वाजत होता. गोळी बदलून मागायला हवी.

२१, शुक्रवार

जसं झालं तसं लिहितो.

भाऊजी सहाला आले. पेढे, फळं, आईसाठी साडी. आईने तीन दिवसांत पहिल्यांदा केस नीट बांधले होते. ताई बॅग घेऊन सोफ्याच्या कडेला बसली होती, वेटिंग रूममध्ये बसतात तशी. तिच्या पायाशी बॅग, आणि नजर दाराच्या कडीवर.

भाऊजींनी हवापाणी विचारलं, माझी चेष्टा केली, मग मांडीवर हात आपटले. "चला! झालं ना राहून?"

ताई उठली. आणि बाबा म्हणाले, "ती राहायला आलीय."

"हो, तेच म्हणतोय मी. आली, राहिली, आता..."

"राहायला आलीय ती."

आईचंच वाक्य. पण आई म्हणते तेव्हा ते पाहुण्यांसाठी असतं. बाबांनी ते असं म्हटलं की खोलीत दुसऱ्या कुठल्या वाक्याला जागा उरली नाही. आवाज चढवला नाही. हातात चहाचा कप होता, भरलेला, आणि चहावरची साय हलत नव्हती. हे मी का बघत होतो कुणास ठाऊक.

भाऊजी हसले. "बाबा, तुमची तब्येत बरी नाही. चल गं." त्यांनी ताईचं मनगट धरलं. डावं. धरलं म्हणजे वळवलं. जिथपर्यंत वळतं त्याच्या पुढे.

ताईने हात ओढला नाही. ओरडली नाही. तिने फक्त खांदा खाली घेतला, गुडघे जरासे वाकवले, आणि हाताच्या मागोमाग सगळं अंग वळवून उभी राहिली. असं की कमी दुखावं. असं की हे तिला नीट येतं.

माझं डोकं भडकायला हवं होतं, मी त्यांच्या अंगावर जायला हवं होतं. एरवी मी शेजाऱ्याने गाडी आडवी लावली तरी बाह्या सरसावतो. आज पाय जमिनीतून निघेनात.

आई उठली. हातात त्यांच्यासाठी आणलेली बशी होती. ती तिने पुन्हा आपल्याकडे ओढून घेतली.

"हात सोडा तिचा."

"अहो आई, तुम्ही..."

"सोडा हात. आणि निघा तुम्ही. चहा राहिला तरी चालेल."

जावयाला आईने जन्मात अरे-तुरे केलं नसतं, आजही केलं नाही. अहो-जाहो करत तिने दार उघडलं आणि धरून उभी राहिली. शेजारच्या काकू समोरच्या जिन्यात होत्या, त्यांच्या डोळ्यांदेखत. आईने त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

भाऊजींनी हात सोडला. जाता जाता माझ्याकडे बोट केलं. "मला काय हौस नव्हती. यानेच बोलावलंय."

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. ताईने नाही. तिला ते आधीच माहीत होतं, आणि तिने घरात कुणाला सांगितलं नव्हतं.

मी आतल्या खोलीत आलो आणि दार आपटलं. आपटल्यावर बाहेर काहीतरी पडल्याचा आवाज आला. बहुतेक कप.

२२, शनिवार

घरात कुणी माझ्याशी बोलत नाहीये. ओरडलेही नाहीत. ओरडले असते तर मला ओरडता आलं असतं.

सकाळी बाबांनी स्वतःच मशीन लावलं. इतका तमाशा होऊन आकडा खाली! महिन्यातला सगळ्यात चांगला. मशीन बिघडलं असावं. मी माझ्या दंडाला लावून बघितलं, तर माझाच चढलेला.

आई दोन पोळ्या जास्त जेवली. मग म्हणाली, "काकू विचारत होत्या. सांगून टाकलं." काय सांगितलं ते बोलली नाही.

मी दुकानात गेलो. ताईच्या मनगटाला पट्टी होती. बाबा स्टुलावर, ती टेबलाशी, शिकंज्याची मूठ उजव्या हाताला. ते टेबल का फिरवलं होतं ते मला तेव्हा दिसलं. बाबा माझ्याकडे बघत होते आणि मला दिसलेलं त्यांना दिसलं.

मग बाबा चहाला गेले आणि मी ताईला विचारलं. किती वेळ घशात अडकलं होतं, खोकल्यासारखं.

"तू मला का नाही सांगितलंस?"

"तू विचारलं होतंस, चोर येणार आहेत का. मी काय सांगणार होते?"

"मग बरं का म्हणालीस?"

तिने कोपऱ्यात खिळा ठोकला. "तू म्हणालास, बाबांना माझ्यामुळे झालं. मला खरं वाटलं ते."

मी माफी मागितली नाही. मागायला तोंड उघडलं आणि भांडणच निघालं, "पण मला कुणी काही सांगतच नाही!" असं. ताई म्हणाली, "हळू बोल फक्त. बाकी काही नको. खरंच काही नको."

मेडिकलमध्ये जाऊन सगळं सांगितलं. तिने मध्ये एकदाही 'खोकला' म्हटलं नाही. शेवटी म्हणाली, "तुमच्या घरी यायचं की नाही ते माझी आई ठरवणार नाही. मी ठरवणार. आणि मी अजून काही ठरवलेलं नाही."

"कधी ठरवशील?"

"बघू. आधी तू दार लावून दाखव."

मी लावलं. बाटल्यांकडे बघत. एक हललीच.

२३, रविवार

हे दुकानात लिहितोय, कामाच्या टेबलावर. भुशाने पान खरखरीत झालंय. समोर शोकेस आहे. ताईच्या लग्नाच्या फोटोच्या जागी मांजर बसलीय, सोनेरी चौकटीत. बाबांनी कालच ठेवली. मालक न्यायला आले तर म्हणे त्यांना दुसरी करून देऊ.

सकाळी मी पलंगावरची माझी गादी गुंडाळली. कपाटातला माझा खण रिकामा केला. ताईची बॅग बाहेर तशीच भरलेली पडली होती, ती उचलून आत नेऊन ठेवली. आतल्या खोलीच्या दाराला कडी आहे, चांगली जाड. तेल घातलं. दोनदा लावून पाहिली.

ताई दारात उभी राहून बघत होती. "हे काय?"

"मला त्या पलंगावर पाठ दुखते."

"खोटारड्या."

"मग दुखत नाही. पण तू तिथे झोप."

आई स्वयंपाकघरातून बाहेर आली. काखोटीला गादी, हातात उशी असा माझा अवतार बघून तिचे हात कमरेवर गेले. "आता तू कुठे निघालास?"

"दुकानात. राहायला."

"किती दिवस?"

"माहीत नाही."

"आणि कुणी विचारलं तर काय सांगू?"

"सांग, राहायला गेलाय."

आईच्या ओठांचा कोपरा हलला. हसू होतं की दुसरं काही, बघायला थांबलो नाही. मी अजून चिडलेलो आहे, हे तिला कळायला हवं होतं. कुणावर चिडलोय ते मात्र मला सांगता आलं नसतं.

बाबांनी पेपर खाली केला. मला वाटलं, आता बोलतील. परवापासूनचं सगळं आता बाहेर येईल. त्यांनी खिशातून दुकानाची किल्ली काढून उशीवर ठेवली.

"टेबल हलवू नकोस," म्हणाले.

"नाही हलवणार."

जेवणाच्या टेबलाशी चारही खुर्च्या होत्या. ताईने माझ्यासाठी दार उघडून धरलं आणि मी बाहेर पडल्यावर मागे सरकली, जरा जास्तच मागे, भिंतीपर्यंत. खांदा खाली घेतलेला. दार आपटायची वाट बघत उभी असल्यासारखी.

मी गादी जिन्यात टेकवली. दोन्ही हातांनी दार धरलं आणि शेवटपर्यंत सोडलं नाही, ते चौकटीला टेकेपर्यंत. आवाज इतका कमी आला की मलाच शंका वाटली, म्हणून एकदा बोटाने ढकलून पाहिलं. लागलं होतं.